घाट उतरताना सव्वाशे लिटरचं आधण

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, अहिल्याबाईंचं महेश्वर १५०च्या आसपास. मधला चारशे मीटरचा उतार आग्रा-मुंबई रस्त्यावरचे ट्रक मानपूरच्या पुढे घाटात उतरतात. आता हिशेब बघा. ४० टनांची गाडी फक्त १०० मीटर खाली आली, तरी जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यावर सव्वाशे लिटर चहाचं आधण ठेवता येईल! सगळी ब्रेकवर टाकली, तर लायनर धुमसायला लागतात.

म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, एक्झॉस्ट ब्रेक हातभार लावतो. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं, हा समज तर साफ उलटा! गियरमध्ये पाय काढून उतरलात की आजची डिझेल इंजिनं इंधन तोडतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जाळावंच लागतं.

चढावर मात्र ताप क्लचला. भरलेला ट्रेलर हाफ क्लचवर रेटला की प्लेट घासत राहते आणि केबिनभर तो जळका वास पसरतो. पहिल्या गियरमध्ये निघा, क्लच पूर्ण सोडा. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल करतं, आणि ढवळून ढवळून तापतं. ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं! ओझं ओढायचं तर वेगळा ऑइल कूलर आणि खालचा गियर, हेच औषध.

रेल्वेलाही हा घाट सोपा गेला नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७०मध्ये एक कोटी रुपये १०१ वर्षांसाठी कर्जाऊ दिले, तेव्हा इंदूरची रेल्वे झाली. पाताळपाणी-कालाकुंडचा चढ ४० मीटरला एक मीटर; त्या रुळांवर आता हेरिटेज गाडी धावते.

धारच्या गणपती घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकांनी किती घरं उजाड केली! २०२४च्या अखेरीस तिथे कमी उताराचा नवा रस्ता सुरू झाला, हे फार चांगलं झालं.

घाट उतरून टपरीवर थांबलेल्या ट्रकजवळ क्लीनर काय करतो, ते एकदा नीट बघा. तो एकेका चाकाजवळ हाताचा पंजा नेतो, टेकवत नाही. पाच चाकं कोमट आणि सहावं भाजणारं निघालं, तर त्या चाकाचा ब्रेक अडकलाय. आणि त्या तापल्या ड्रमवर तो पाणी ओतत नाही. एकदम गार पडलं की लोखंडाला तडा जातो.