चुकीच्या दोषसिद्धीची कारणमीमांसा : एका खटल्याच्या आधारे विवेचन

प्रस्तावना :
शंभर अपराधी सुटले तरी चालतील, परंतु एकाही निरपराध व्यक्तीस शिक्षा होऊ नये, हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व मानले जाते. तरीही निरपराध व्यक्ती दोषी ठरविल्या जातात. अशा चुकीचे खापर बहुधा खोट्या साक्षीवर फोडले जाते. प्रत्यक्षात तपासाच्या आरंभी झालेली चूक पुढील प्रत्येक टप्प्यावर प्रमाणित होत जाते, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

खटल्याची पार्श्वभूमी :
जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडून पाच जणांची हत्या झाली. या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सर्वांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवून उर्वरित तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. मात्र पुनर्विलोकनात हा निर्णय मागे घेतला गेला आणि फेरसुनावणीनंतर ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष मुक्त केले.

कारणे :
१) सदोष ओळख : खटल्याची भिस्त हल्ल्यातून बचावलेल्या साक्षीदारांवर होती. त्यांपैकी एकीने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार निराळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या. साक्षीदार खोटे बोलत असतोच असे नाही. भय, अंधार व दुखापत यांमुळे स्मृती अस्थिर होते आणि एकदा समोर आलेला चेहरा पुढे खरा वाटू लागतो. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या बहुसंख्य बंदिवानांच्या प्रकरणांतही चुकीची ओळख हेच प्रमुख कारण आढळले आहे.

२) तपासातील एकांगीपणा : त्या चौघांच्या दिशेने तपास झाला नाही. संशयित निश्चित झाल्यावर विरुद्ध पुरावा दुर्लक्षिला जाणे हा तपासयंत्रणेचा सार्वत्रिक दोष आहे.

३) आरोपींचे सामाजिक स्थान : वसाहतकाळात १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु भटक्या समाजांवरील संशय पूर्णतः ओसरला नाही. गरीब आरोपीस अनुभवी वकील मिळणेही कठीण असते. अनुच्छेद ३९-अ मधील मोफत विधी साहाय्याचे तत्त्व कागदावर राहिल्यास साक्षीदाराची प्रभावी उलटतपासणी होत नाही.

४) अपिलाची मर्यादा : वरिष्ठ न्यायालय सामान्यतः साक्षीदारास पुन्हा ऐकत नाही, ते अभिलेख वाचते. त्यातील विसंगतीकडे खालच्या न्यायालयात कोणी लक्ष वेधले नसेल, तर ती वरही निसटू शकते. येथे तीन न्यायालयांनी दोषसिद्धीवर शिक्कामोर्तब केल्यानंतरच चूक उघड झाली.

उपाययोजना :
२०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. ओळख परेडचे चित्रीकरण मात्र ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असल्यासच आवश्यक आहे. ते सर्वच प्रकरणांत व्हावयास हवे. तसेच आरोपीस अनुकूल ठरणारा पुरावा न्यायालयापुढे ठेवण्याचे बंधन तपास अधिकाऱ्यावर असावे.
भरपाईचा प्रश्नही अनुत्तरित आहे. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालये व वैधानिक भरपाई सुचविली, परंतु नव्या संहितेत तशी तरतूद नाही. निराधार अटकेबद्दलच्या भरपाईची कमाल मर्यादा तीत एक हजार रुपये एवढीच आहे. उपरोक्त खटल्यात न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला, तो स्वतःच्या अधिकारात.

निष्कर्ष :
चुकीच्या दोषसिद्धीमुळे दुहेरी अन्याय होतो. निरपराध व्यक्ती आयुष्य गमावते आणि खरा अपराधी मोकळा राहतो. नाशिकच्या प्रकरणात न्यायालयाला २०१९ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनंतर, त्या चौघांविषयी पुढील तपासाचा आदेश द्यावा लागला. पीडित कुटुंबाच्या दृष्टीने न्याय तेथून पुन्हा सुरू झाला. म्हणून आरोपीचे हक्क जपणे म्हणजे पीडितावर अन्याय, हा समज विद्यार्थ्यांच्या मनातून दूर करणे हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.