चेन डोझरचं दुसरं इंजिन

एप्रिलच्या शेवटी चेन डोझरचं इंजिन बसलं की मालक आधी पावसाळ्यापर्यंतचे दिवस मोजतो, दुरुस्तीचा खर्च मग. नांदेड-लातूर पट्ट्यात, लोहा, मुखेड, अहमदपूर, औसा कुठंही जा, मातीकामाला हंगाम एकच: रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंत. रानं रिकामी, तलाव आटलेले, वाटा कोरड्या. एकदा काळ्या रानावर पाऊस पडला की वीस टनांहून जड धूड जागचं हलवणंही मुश्कील. म्हणून शहाणा मालक इंजिनाचं काम आषाढ-श्रावणात काढतो. पण इंजिन बसतं नेमकं वैशाखात, आणि त्यालाही कारण आहे.

या भागात जुना डोझर म्हटलं की बहुतेकदा बीईएमएलचा डी-८० किंवा त्याचा धाकटा भाऊ डी-५०. भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी १९६४ साली निघाली. तिच्या डोझरांचा आराखडा जपानच्या कोमात्सुचा आणि जोडणीचा कारखाना कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावी. डी-८०च्या पोटात कमिन्स घराण्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन. तेच घराणं १९६२ साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात आलं आणि कोथरूडला रुजलं. त्यामुळे सुटे भाग, मिस्त्री आणि इंजिनाची भाषा, तिन्ही महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली.

या यंत्रांच्या पिढीनं मराठवाड्याची माती हलवली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ची. १९७२च्या दुष्काळानंतर पाझर तलाव आणि नालाबांध, मग विष्णुपुरी, मग कालव्यांची भरावाची कामं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या, तेव्हा ढिगारे उपसायलाही अशीच यंत्रं लागली. सरकारी ताफ्यातली बरीच पुढे लिलावात निघाली आणि खाजगी ठेकेदारांच्या हाती आली. मग पोकलेन आणि जेसीबी आले, आणि खोदायचं जवळजवळ सगळं काम त्यांनी नेलं. डोझरकडे उरलं ते पसरणं, लोटणं, सपाट करणं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात मांजरेचं पात्र खोल करण्याचं काम लोकवर्गणीतून निघालं, आणि २०१७ साली सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. गाळ भरतो पोकलेन, पण टिपरसाठी उतार करून देणं, ढीग लोटणं आणि रानात गाळ सारखा पसरणं चेनवाल्यालाच जमतं. म्हणून हा म्हातारा अजून कामावर आहे. नवा घ्यायला परवडत नाही आणि जुना भंगारात घालवत नाही, अशी त्याच्या मालकाची अवस्था.

आता इंजिन मरतं कशानं? ट्रकला चढ संपला की उतार मिळतो, पळताना समोरून वाराही मिळतो. डोझर तासाला तीन-चार किलोमीटरनं चालतो आणि पातं मातीत रुतवून दिवसभर पूर्ण ताकद लावतो. थंडाव्याला एकटा पंखा. त्यात वैशाखातलं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. रेडिएटरच्या जाळीवर ऑइलचा ओशटपणा, त्यावर मुरमाचा फुफाटा बसून कधी घट्ट लिंपण झालं ते ड्रायव्हरलाही कळत नाही.

दुसरा मारेकरी पाणी. शिवारात रेडिएटरमध्ये भरायला काय मिळतं? जवळच्या बोअरचं पाणी, आणि खोल बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते तापलं की ब्लॉकच्या आतल्या जागांत थर धरतं. या इंजिनाचे लायनर ओले असतात, म्हणजे बाहेरून थेट पाण्यात बुडालेले. लायनर थरथरतो, त्याच्या अंगाशी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटीबरोबर बिडाचा कण निघतो. कूलंटमधलं औषध याच्यासाठीच असतं. ते नसेल तर बाहेरून आत भोकं पडत जातात, पाणी ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसतो. तोवर बेअरिंगं गेलेली असतात.

तिसरी धूळ. फिल्टर नवा असून भागत नाही. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या रबरी नळीची क्लिप सैल असली तर बेसाल्टचा भुगा फिल्टरला वळसा घालून थेट सिलिंडरमध्ये जातो. वरची रिंग झिजते, ब्रीदरमधून धूर येतो, ताकद पडते. ड्रायव्हर म्हणतो, 'इंजिन ओढत नाही.' ही नळी बदलायला काय लागतं? इंजिनाच्या खर्चापुढं काहीच नाही.

इंजिन उतरवायचं ठरलं, तरी जाणता मिस्त्री आधी वाकून बघतो ते चेनकडे. स्प्रॉकेटचे दात, पिना-बुश, रोलर, आयडलर यांत जीव किती उरलाय? चेनवरच्या यंत्राच्या देखभालीचा साधारण अर्धा खर्च खालच्या सांगाड्यावरच होतो. वर नवं इंजिन आणि खाली झिजलेली चेन, असं यंत्र वर्षभरात पुन्हा उभं राहतं. चेन अर्ध्याहून जास्त शाबूत असेल तरच इंजिनावर पैसा घालावा, नाहीतर यंत्र विकून मोकळं व्हावं. हे ऐकायला मालकांना आवडत नाही.

मग तिपाई, साखळीचा ब्लॉक, नाहीतर सरळ हायड्रा क्रेन. सव्वा टनाच्या आसपासचं इंजिन वर येतं. एनटी-८५५ असेल तर साडेपाच इंचांचा बोअर, सहा इंचांचा स्ट्रोक, सहा सिलिंडर मिळून ८५५ घनइंच, म्हणजे चौदा लिटर. जुनं एनएच असेल तर बोअर थोडा लहान आणि आकडा ७४३. एका लांब हेडऐवजी दोन-दोन सिलिंडरांची तीन हेडं. ही सोय शेतात काम करणाऱ्याला फार मोठी, कारण एक हेड तडकलं तर दोघांच्या हातानं उचलून तेवढंच तालुक्याला नेता येतं. इंधनाची रीतही वेगळी. उच्च दाबाच्या नळ्या नाहीतच. पीटी पंप कमी दाबानं डिझेल पोचवतो आणि खरा दाब इंजेक्टरवर कॅमशाफ्टचा लोब देतो. म्हणून ट्रकच्या पंपावर हात बसलेला मिस्त्री इथं चाचपडतो.

इंजिन बांधायचं म्हणजे थाऊचा हिशेब. थाऊ हा इंचाचा हजारावा भाग. लायनर ब्लॉकच्या वर तीन ते सहा थाऊ उभा राहिला पाहिजे. कमी असेल तर हेड गॅस्केट पकडणार नाही आणि पुन्हा पाणी उतरेल. ब्लॉकमधली लायनरची बैठक वर्षानुवर्षं घासून खोल गेलेली असते. ती कापून, खाली शिम घालून उंची आणावी लागते. घाईतला मिस्त्री नेमकं हेच काम सोडतो, आणि नवे लायनर घालूनही इंजिन का तापतं ते कुणाला समजत नाही. क्रँक ग्राइंड करून दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ असा उतरत जातो. चाळीसच्या पुढे बेअरिंगच मिळत नाही. ग्राइंडरवाल्यानं जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई खाल्ली तर क्रँक मोजमापात पास होतो आणि भर कामात तुटतो. नांदेडच्या मालकाला सुटे भाग आणायला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. सिकंदराबादच्या राणीगंजात सकाळी पोचून संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत किट टाकून परतायचं, हा रिवाज निजामाच्या काळातल्या व्यापारी वाटेवरूनच चालत आलाय म्हणा ना.

ब्लॉकच फुटला असेल तर दुसरं इंजिन शोधायचं. सगळ्यांची नजर जनरेटरकडे जाते. लोडशेडिंगच्या वर्षांत कारखान्यांनी, सूतगिरण्यांनी मोठे डीजी सेट घेतले. त्यांतल्या अनेकांत हेच ८५५. वीज सुधारली आणि ते सेट विक्रीला आले, चाललेले कमी आणि सावलीत ठेवलेले. घराणं एक म्हणून इंजिन सरळ बसेल, असं वाटतं. तसं होत नाही. जनरेटर सपाट फरशीवर उभा, त्याचं ऑइलचं चेंबरही त्याच हिशेबाचं. डोझर बांधाच्या उतारावर तिरका झाला की ऑइल एका टोकाला पळतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग मिनिटांत जातं. म्हणून जुन्या इंजिनाचं खोल चेंबर, सक्शनची नळी आणि असेल तर स्कॅव्हेंज पंप, सगळं नव्यावर चढवावं लागतं. जनरेटर पन्नास हर्ट्झसाठी दीडहजार आरपीएमला बांधलेला. डोझरला हळूपासून जोरापर्यंत सगळा टप्पा हवा, तेव्हा गव्हर्नर बदलून पीटी पंप पुन्हा स्टँडवर लावायचा. फ्लायव्हील आणि त्याचं हाउसिंग जुनंच घ्यायचं आणि डायल लावून ते मध्यावर आहे का बघायचं. काही थाऊ बाजूला गेलं तरी मागचा सील आणि क्लचचं बेअरिंग टिकत नाही. पंखा हवा ओढणारा की ढकलणारा, हेही बघावं. उलटा बसला तर पात्यासमोरची सगळी धूळ रेडिएटरात.

आणि ऑइल कूलर. जुन्या इंजिनाची बेअरिंगं गेली तेव्हा त्यांचा धातू त्याच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. तो कितीही धुतला तरी पुरता निघत नाही. अनेकांनी पैसे वाचवायला तोच कूलर नव्या इंजिनाला लावला, आणि पहिल्या आठवड्यातच तो भुगा नव्या बेअरिंगांत उतरला. नव्या इंजिनावर लाखांनी खर्च करून जुना कूलर, जुना रेडिएटर आणि जुनी हवेची नळी ठेवणं यासारखी उधळपट्टी नाही. पहिलं इंजिन ज्यानं मारलं, तो तिथंच बसलेला असतो. गंमत म्हणजे हे तिन्ही भाग बिलात सगळ्यात खाली लिहिलेले असतात, आणि मालक बिल खालूनच कापायला घेतो.

चालू केल्यावरही इंजिन तासन्‌तास आयडलवर घुमत ठेवायचं नसतं. रिंगा बसायला भार लागतो. हलकं लोटण्याचं काम द्यायचं, पाण्याचा आणि ऑइलचा काटा बघायचा, आणि पहिलं ऑइल लवकर काढून फिल्टर कटरनं कापायचा. घडीत चमकणारा भुगा दिसला तर यंत्र तिथंच थांबवायचं, हंगामाचे कितीही दिवस उरलेले असोत. कागद स्वच्छ निघाला तर लोबेडवर चढवून मृगाआधी जेवढी एकरं होतील तेवढी करून घ्यायची.