वाळवंटाने राखलेली मुद्रा

सिनाईच्या वाळवंटात, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी, सेंट कॅथरिनचा मठ उभा आहे. बायझंटाईन सम्राट जस्टिनियनने तो सहाव्या शतकात बांधवला. ग्रीक साधू आजही तेथे राहतात. त्या मठात एक लाकडी फळी आहे, पावणेतीन फूट उंच आणि दीड फूट रुंद. तिच्यावर येशू ख्रिस्ताची मुद्रा रंगवलेली आहे. डाव्या हातात रत्नजडित ग्रंथ, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला.

हे चित्र प्रथम पाहताना चित्रकाराचा हात चुकला की काय, अशी शंका येते. चेहऱ्याच्या दोन बाजू एकमेकींशी जुळतच नाहीत. पण वाचकहो, त्याचे छायाचित्र कधी हाती आले, तर आधी एक बाजू तळहाताने झाकून पाहा, मग दुसरी. आपल्या डाव्या हाताकडचा अर्धा चेहरा शांत, निवळलेला. उजवीकडची भुवई मात्र चढलेली, नजर करडी. एकाच मुखावर दयाळू प्रभू आणि न्यायासनावर बसलेला प्रभू! कुणी त्यात ख्रिस्ताचे मनुष्यत्व आणि देवत्व पाहतात. मला पहिला अर्थ अधिक पटतो; ज्याच्यापुढे अपराध कबूल करायचा, तो नुसता दयाळू असून भागत नाही.

अशा धार्मिक चित्रफलकांना ‘आयकॉन’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ प्रतिमा. इतके जुने फलक जगात मोजकेच उरले आहेत, आणि त्यांतले बरेचसे या एका मठात. खुद्द राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ते का उरले नाहीत, ही हकीगत ऐकण्यासारखी आहे.

इ. स. ७३० च्या सुमारास सम्राट तिसऱ्या लिओने पूज्य प्रतिमांविरुद्ध पाऊल उचलले. देवाला रंगारेषांत कोंडता येते काय, हा त्याच्या पक्षाचा सवाल. प्रतिमा फुटल्या, जळल्या, भिंतींवरची चित्रे पुसली गेली. मध्ये काही वर्षे उसंत मिळाली. ८१५ मध्ये पुन्हा बंदी आली. लाझारस नावाच्या एका साधू-चित्रकाराने ती मानली नाही. सम्राट थिओफिलसने त्याच्या तळहातांवर तापलेले लोखंड ठेवविले; तरी जखमा भरताच त्याने पुन्हा कुंचला धरला, असे बखरकार सांगतात. त्याला सोडवणारी होती सम्राटाचीच राणी थिओडोरा! पतीच्या मृत्यूनंतर, ८४३ मध्ये, तिनेच प्रतिमांना पुन्हा मान मिळवून दिला.

प्रतिमांच्या बाजूने सर्वांत भेदक युक्तिवाद केला तो दमास्कसच्या जॉनने. देव अरूप खरा. पण तो मानवदेह धरून आला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिले, मग त्या रूपाचे चित्र काढायला हरकत कसली? नमस्कार लाकडाला नव्हे, लाकडावर ज्याची मुद्रा आहे त्याला. सगुण-निर्गुणाचा वाद ऐकत वाढलेल्या आपल्याला हे फारसे परके वाटू नये. गंमत अशी, की जॉन हे बेधडक लिहू शकला, कारण तो खलिफाच्या राज्यात राहत होता; सम्राटाचा हात तेथे पोचत नव्हता. सिनाईही खलिफाच्याच सत्तेखाली. ज्यांच्या धर्माला प्रतिमापूजा मान्य नाही, त्यांच्या राज्यात या प्रतिमा वाचल्या!

सिनाईचा ख्रिस्त तापवलेल्या मेणात रंग कालवून काढलेला आहे. पुढे ही रीत मागे पडली. मग फळीवर कापड चिकटवायचे, खडूची पूड आणि सरस यांचे लेप एकावर एक द्यायचे, घासून घासून गुळगुळीत करायचे, सोन्याचा वर्ख बसवायचा. रंग खलायचे अंड्याच्या पिवळ्या बलकात. चेहऱ्याला आधी काळपट थर, त्यावर उजळ, मग त्याहून उजळ छटा, आणि शेवटी डोळ्यांपाशी बारीक पांढऱ्या रेघा. म्हणूनच या नंतरच्या चित्रांत मुद्रा आतून उजळल्यासारखी वाटते. तेलाच्या दिव्याची ज्योत हलली, की मागचे सोनेही हलते. संग्रहालयातल्या विजेच्या झोतात हा जिवंतपणा निम्मा हरपतो. चित्रकार बहुधा आपले नाव घालीत नसे. फलकावर नाव असायचे ते संताचे.

सिनाईच्या त्या फळीवरही मधल्या शतकांत कुणीतरी, भक्तिभावानेच, नवा रंग चढवला होता. त्यामुळे ती तेराव्या शतकातली समजली जाई. १९६२ मध्ये वरचा थर काढला, तेव्हा खालून ते मेणातले मुख बाहेर आले, एक भुवई चढवलेले.