थंडीत गोबरगॅस का रुसतो?

जोयडा तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत गोबरगॅसची शेगडी मंदावली, की आधी बर्नर घासला जातो. दोष बहुधा टाकीत असतो. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना सुमारे ३५ अंश ऊब मानवते. २० अंशांखाली ते सुस्तावतात, १० च्या आसपास जवळजवळ थांबतात. लोखंडी तरंगती टाकी जमिनीतल्या घुमटापेक्षा लवकर गारठते.

शेण पहाटेच्या गार पाण्यात कालवू नका. दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवून घाला; उकळते मात्र नको. टाकीभोवती गवताचा जाड थर द्या. ज्योत फडफडत असेल, तर नळीत पाणी साचले आहे. ते काढाच, ही गोष्ट हमखास विसरली जाते. गॅस कमी झाला म्हणून जादा शेण कोंबू नका, टाकी आंबट होते.