शाबासकी माणसाला की कामाला?

कोल्हापुरातून गारगोटी रस्त्याने निघाले की कळंबा लागते. तेथील एका गॅरेजवर आम्ही मोटारसायकल घेऊन गेलो, तेव्हा उस्ताद नाराज दिसले. त्यांचा शागीर्द एकोणीस वर्षांचा, हाताने तयार. गिऱ्हाइकांसमोर ते नेहमी म्हणत, "हा पोरगा जन्मजात मेकॅनिक आहे." एके दिवशी ऑइल बदलताना त्याच्या हातून ड्रेन बोल्टचे आटे गेले. पोराने ते लपवले आणि बोल्ट तसाच बसवून गाडी दिली. दोन दिवसांत ऑइल गळून इंजिन जाम! खर्च उस्तादांच्या अंगावर आला, गिऱ्हाईकही तुटले. "एवढी तारीफ केली, त्याचे हे फळ. आता शाबासकी बंद," उस्ताद म्हणाले.

आम्हास वाटते, शाबासकी दिली हे चुकले नाही. ती कशाला दिली, तेथे चुकले.

अमेरिकेतील क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक यांनी पाचवीतील मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटले, तर काहींना "तू मेहनत घेतलीस". मग अवघड कोडी दिली. सर्वांचीच दमछाक झाली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली, तेव्हा 'हुशार' मुलांचे गुण पहिल्यापेक्षा घटले आणि 'मेहनती' मुलांचे वाढले. शिवाय आपले गुण दुसऱ्यांना सांगताना 'हुशार' गटातील ३८ टक्के मुलांनी ते फुगवून सांगितले. मेहनतीच्या गटात असे १३ टक्केच होते.

कळंब्याच्या पोराचे हेच झाले. 'जन्मजात मेकॅनिक' ठरल्यावर चूक कबूल करणे म्हणजे नावच गमावणे!

कोल्हापूरकरांना हे नवे नाही. तालमीतला जाणता वस्ताद "तू मोठा पैलवान" म्हणत बसत नाही. "पट वेळेवर काढलास" म्हणतो आणि चुकलेला डाव पुन्हा करून घेतो.

तेव्हा कारागीर बंधूंनी एवढे करावे. काम चांगले झाले की त्याच वेळी नेमके काय चांगले झाले ते सांगावे: "टाका सरळ आला", "वेल्डिंगला भोक राहिले नाही". चूक आपणहून सांगणाऱ्याला चारचौघांत झापू नये. सांगितल्याबद्दलही शाबास म्हणावे. खोटी तारीफ करू नये, पोरे ती लगेच ओळखतात. आणि शाबासकी देऊन पगार थकवू नये. गोड शब्दांवर कोणाच्या घरची चूल पेटत नाही.

आट्यांची दुरुस्ती किरकोळ खर्चात झाली असती. पोराला तोंड उघडण्याचा धीर मात्र हवा होता.