मसाई माराची वाट आणि एक पिवळी पुस्तिका

मुंबईहून नैरोबी विमानाने साधारण सहा तासांवर आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात केनियातल्या मसाई मारात विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात आणि तो सोहळा बघायला आपल्याकडून गटच्या गट निघतात. केनियाने जानेवारी २०२४पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना सुरू केला आहे, त्याचा अर्ज घरबसल्या भरता येतो. पासपोर्टची मुदत अजून सहा महिने आहे ना, एवढं बघितलं की बहुतेकांची तयारी संपते. खरी अट समोर येते ती परतीच्या वेळी, आणि ती केनियाची नाही, आपल्या भारताची आहे. पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला जवळ नसेल, तर मुंबईत उतरूनही घर गाठता येत नाही. केनिया सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत विलगीकरण कक्षात राहावं लागतं.

सहाच दिवस का? पीतज्वराचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. विमानाचा प्रवास सहा तासांचा. म्हणजे माणूस ठणठणीत दिसत घरी पोचेल आणि दोन दिवसांनी तापाने फणफणेल. तोवर त्याला डास चावलेले असतील. हा रोग पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या घरातलाच आहे. कुंडीखालच्या ताटलीत आणि कूलरच्या पाण्यात वाढणारा, डेंगी पसरवणारा तोच हा. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वर आहे. भारतात डास आहे, दाट वस्ती आहे, उष्ण हवा आहे, तरीही हा रोग इथे कधी रुजला नाही. असं का, याचं पक्कं उत्तर शास्त्रज्ञांनाही अजून सापडलेलं नाही. मला तर वैद्यकातलं हे फार मोठं नवल वाटतं.

पनामा कालवा खोदला जात होता तेव्हापासून ही भीती आहे. अमेरिकेतून आशियाकडे थेट जलमार्ग झाला की जहाजांबरोबर पीतज्वरही येईल, असा इशारा ब्रिटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी १९०३ साली दिला होता. पुढे एस. पी. जेम्स या लष्करी डॉक्टरने याच प्रश्नाचा अभ्यास करून भारताचा बचाव कसा करावा, याबद्दल १९१३ साली सविस्तर लिहिलं. ही भीती आजही खोटी नाही. २०१६ साली अंगोलात साथ असताना तिथून परतलेल्या ११ जणांना चीनमध्ये पीतज्वर असल्याचं आढळलं. तिथे तो पुढे पसरला नाही, एवढंच सुदैव.

आणि ज्या लशीवर हा सगळा बंदोबस्त उभा आहे, तिच्या जन्मात भारतातल्या एका माकडाचा वाटा आहे! १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत संशोधक प्रयोगासाठी प्राणी शोधत होते, पण तिथल्या माकडांना हा रोग बाधत नव्हता. मग भारतातली रीसस माकडं नेली गेली. आजच्या घानातल्या असिबी नावाच्या एका रुग्णाचं रक्त अशाच एका माकडाला टोचलं. असिबी बरे झाले, माकड मात्र काही दिवसांत मेलं. अशा रीतीने पहिल्यांदाच विषाणू हाती लागला. त्या कामातले एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने गेले, आणि पुढच्या वर्षी याच रोगाचा अभ्यास करणारे हिदेयो नोगुची अक्रामध्ये. असिबींच्या रक्तातला तो विषाणू न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत आधी उंदराच्या आणि नंतर कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत शेकडो वेळा वाढवत नेला, तेव्हा कधीतरी मध्येच तो सौम्य झाला. तीच १७डी लस. मॅक्स थायलर आणि ह्यू स्मिथ यांनी ती १९३७ साली जगापुढे मांडली आणि १९५१ साली थायलर यांना नोबेल मिळालं. आज दंडात टोचतात ती त्याच वंशातली.

गेल्या वर्षी ताई आणि भावजींना घेऊन मी लसीकरण केंद्रावर गेले होते. अशी केंद्रं सरकारने नेमलेली असतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टोचून घेतलं तर तो दाखला चालत नाही. कुपी पाहिली. तळाशी फिकट रंगाची कोरडी चकती. वरून द्रव सोडला, कुपी अलगद फिरवली, आणि प्रत्येकाला अर्धा मिलिलिटर. एका कुपीत अनेकांची लस असते आणि एकदा विरघळली की ती सहा तासांत संपवावी लागते. म्हणून तर केंद्रं ठरावीक वार नेमतात आणि आधी नाव नोंदवायला सांगतात. ऐन सुट्टीत नंबर लागत नाही. दोन महिने आधी चौकशी करावी. भावजी ६३ वर्षांचे, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांची बराच वेळ चौकशी केली. लस जिवंत विषाणूची आहे आणि साठीनंतर क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध, थायमस ग्रंथीचा आजार, यांतलं काहीही असेल तर लपवू नका. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस सहसा देत नाहीत.

मग लशीचा दाखला, म्हणजे ती पिवळी पुस्तिका हातात आली. भावजींच्या पासपोर्ट क्रमांकातला एक आकडा चुकला होता आणि लिहिणाऱ्याने त्यावरच गिरवून दुरुस्ती केली. मी नवी पुस्तिका मागितली, थोडी कुरबुर झाली, पण मिळाली. हट्ट उगाच नव्हता. खाडाखोड केलेला किंवा अर्धवट भरलेला दाखला रद्द ठरू शकतो, असं त्या पुस्तिकेवरच छापलेलं असतं. तारीख, सही, लशीचा बॅच क्रमांक आणि केंद्राचा शिक्का हे सगळं तिथेच उभं राहून तपासा. लहान मुलाची पुस्तिका वेगळी असते, तिच्यावर सही आई किंवा वडिलांनी करायची.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो दहा दिवसांचा. लस टोचली त्या दिवशी दाखला लागू होत नाही, दहा दिवसांनी होतो. त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी धावपळ करून काही उपयोग नाही. केनियाहून टांझानियात जाणार असाल तर तिथेही हाच दाखला मागतात. इथियोपियातल्या अदिस अबाबामार्गे भारतात येणाऱ्यांनीही तो जवळ ठेवावा. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नसेल तर सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे आरोग्य अधिकारी ठरवतात.

बाकीची तयारी सोपी आहे. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. आणि चिवडा-लाडू प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, केनियात २०१७पासून त्यांच्यावर कडक बंदी आहे. डबे किंवा कापडी पिशव्या न्या.

कपाटात कुणाची जुनी पुस्तिका असेल आणि तिच्यावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असेल, तर ती टाकू नका. ११ जुलै २०१६पासून हा दाखला आयुष्यभरासाठी मानला जातो, त्याआधी दिलेलाही. ताईने आपल्या दोन्ही पुस्तिका पासपोर्टच्याच पाकिटात ठेवल्या आहेत, रबर लावून.