पाय दुखतो, पण दुखणें कंबरेंत

चैत्र लागला कीं नागपुरांत घरोघर माळ्यावरचे कूलर खालीं उतरतात. वाळ्याच्या ताट्या बदलतात, टाकी भरण्यासाठीं बादल्यांची ने-आण सुरू होते. आणि याच दिवसांत एखादा गृहस्थ बादलीसाठीं वाकतो, तो सरळ उभा राहूंच शकत नाहीं. दोन दिवसांनीं कंबर थोडी मोकळी होते, पण आतां कळ नितंबांतून निघून मांडीच्या मागच्या बाजूनें पोटरींत आणि तेथून पावलांत उतरते. मग पाय चेपला जातो, त्याला तेल लागतें, शेक मिळतो. पायाचा बिचाऱ्याचा दोष कांहींच नसतो.

आयुर्वेदांत या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल त्या पक्ष्यासारखी होते, असा या नांवाचा अर्थ सांगतात. चरकसंहितेंत वेदनेचा जो मार्ग दिला आहे, तो आजचा वैद्यकाचा विद्यार्थीहि चटकन् ओळखील. पश्चिमेकडे नेपल्सच्या कोतून्यो या वैद्यानें १७६४ सालीं हें दुखणें मज्जातंतूचें आहे असें मांडलें. तो तंतु दुखावतो कशानें, याचें समाधानकारक उत्तर मिळण्यास मात्र १९३४ साल उजाडलें. बोस्टनच्या मिक्स्टर व बार या दोघां शस्त्रवैद्यांनीं तेव्हां दाखवून दिलें कीं, पुष्कळ रोग्यांत मणक्यांमधील फुटलेली गादीच तंतूच्या मुळाशीं टेकलेली असते. नागपूरचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्यें स्थापन झालें, तेव्हां हें ज्ञान अवघें तेरा वर्षांचें होतें.

'गादी सरकली' हा आपल्याकडील नेहमींचा शब्दप्रयोग. तो सोयीचा असला तरी खरा नाहीं. पाठीच्या कण्यांत अशा २३ गाद्या असतात आणि प्रत्येक गादी वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट जखडलेली असते. ती सरकणार कोठें? तिची रचना विदर्भांतल्या पुरणपोळीसारखी आहे. बाहेर चिवट तंतूंचीं वेढ्यावर वेढे घातलेलीं वलयें, आणि आंत पाणीदार, मऊ गर. वयाबरोबर गर सुकत जातो, वलयांना चिरा पडतात. अशा वेळीं पुढें वाकून, त्यांतच कंबर पिळून वजन उचललें कीं दाब एकवटतो आणि चिरेंतून गर मागच्या बाजूस डोकावतो. बादली हें बहुधा निमित्तच असतें. तयारी कित्येक वर्षें आधींपासून चाललेली असते.

नेमकी तेथेंच तंतूंचीं मुळें बाहेर पडतात. कंबरेच्या खालच्या दोन गाद्यांवर भार सर्वांत अधिक, म्हणून बहुतेक प्रसंगीं फुटतात त्याच. तेथल्या मुळांपासून शरीरांतला सर्वांत जाड मज्जातंतु बनतो व पायांत उतरतो. तंतु डिवचला जातो कंबरेंत, पण मेंदूला वाटतें पाय दुखतो. केवळ दाबानें ही आग होत नाहीं. गरांतील द्रव्यांमुळें मुळाला सूजहि येते. म्हणूनच लहानसा फुगवटा असह्य वेदना देतो आणि मोठा फुगवटा कधीं मुकाट राहतो.

तपासतांना डॉक्टर रोग्याला उताणा निजवून गुडघा न वाकवतां पाय वर उचलतात. कळ पायांत उतरली तर संशय बळावतो. अंगठा वर उचलण्याचें बळ गेलें असेल तर एक मूळ, चवड्यावर उभें राहतां येत नसेल तर त्याखालचें दुसरें, असा अंदाज बांधतां येतो. साध्या क्ष-किरण-चित्रांत गादी दिसत नाहीं, एम.आर.आय.मध्यें ती स्पष्ट दिसते. पण हें चित्र पाहून घाबरून जाणारीं घरें पुष्कळ आहेत. ज्यांची पाठ कधीं दुखली नाहीं अशांच्या चित्रांची मोजदाद २०१५ मध्यें प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं विशीच्या सुमारासच सुमारें ३७ टक्क्यांत गादी झिजल्याच्या खुणा होत्या, आणि ऐंशीच्या सुमारास ९६ टक्क्यांत. तेव्हां चित्र रोग्याच्या लक्षणांशीं जुळलें तरच त्याला अर्थ.

दिलासा देणारी गोष्ट अशी कीं, बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत शांत होतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतें, आणि मोठे तुकडेहि पुष्कळदां विरतात. फळीवर महिनाभर निजवून ठेवण्याची जुनी रीत आतां मागें पडली आहे. एक-दोन दिवसांपलीकडे अंथरूण धरल्यानें स्नायू दुबळे होतात, लाभ कांहीं नाहीं. झेपेल तेवढें चालणें, वेदनाशामक औषध आणि पुढें शिकवल्याप्रमाणें व्यायाम, हाच मार्ग. कंबरेवर पाय देऊन 'गादी बसवून' देणाऱ्यांपासून दूर राहावें, कारण बसवण्यासारखें तेथें कांहीं नसतेंच.

शस्त्रक्रियेचें भय आणि शस्त्रक्रियेची घाई, दोन्हीं सारखींच अनाठायीं. नेदरलंडमधील २८३ रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २००७ मध्यें प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची वेदना अधिक लवकर थांबली. पण वर्षअखेर दोन्हीं गटांची स्थिति जवळजवळ सारखीच होती. वेदना आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर हा निर्णय रोग्यानें डॉक्टरांशीं बोलून सावकाश घ्यावा.

अपवाद एकच, आणि तो घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असावा. लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या बैठकीवर टेकणारा भाग बधिर झाला, किंवा दोन्हीं पाय एकदम लुळे पडूं लागले, तर कण्याच्या तळाशीं असलेल्या तंतूंचा सबंध जुडगाच दाबला गेला असण्याचा संभव असतो. तेथें शेक नाहीं, मालिश नाहीं, सकाळपर्यंत वाट पाहणें नाहीं. रात्र असली तरी रोग्याला त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयांत न्यावें लागतें.